ज्ञानरचनावादी अध्यापन : प्रश्नातून ज्ञानाकडे

शाळेत येणारे मूल कोरी पाटी घेऊन येत नाही. अनुभवातून बनलेल्या स्वतःच्या कल्पना त्याच्यापाशी असतात. या कल्पना पडताळून त्यांची नव्याने मांडणी करणे म्हणजे शिकणे, असे ज्ञानरचनावाद मानतो. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी मूल आपली समज कृतीतून घडवते, हे मांडले. तर सोव्हिएत रशियाचे लेव वायगोत्स्की (१८९६-१९३४) यांनी त्यातील भाषा, संवाद आणि जाणत्या व्यक्तीच्या साहाय्याचे महत्त्व विशद केले.

वर्गातील स्वरूप

‘बी रुजण्यासाठी काय लागते?’ या प्रश्नाला मुले माती, पाणी, ऊन, खत अशी उत्तरे देतात. शिक्षक त्यांना चूक-बरोबर ठरवत नाहीत. मटकीचे काही दाणे कोरडे, काही ओल्या फडक्यात झाकून, तर काही उन्हात ओल्या कापसावर ठेवले जातात. दोन-तीन दिवस नोंदी होतात. फडक्यातील मटकीला मातीविना, अंधारातही मोड येतात. कोरडे दाणे तसेच राहतात. घरी नेहमी दिसणाऱ्या गोष्टीचा अर्थ मुलांना नव्याने उमगतो आणि ‘मग रोपाला ऊन कशासाठी?’ हा पुढचा प्रश्न उभा राहतो. योग्य वेळी असा प्रश्न पुढे आणणे हे शिक्षकाचे कौशल्य होय.

भारतातील वाटचाल

मध्य प्रदेशातील तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांतून प्रयोगाधारित विज्ञान अध्यापन सुरू झाले. सहावी ते आठवीच्या या कार्यक्रमात परीक्षेतही पुस्तक उघडण्याची मुभा होती. राज्य शासनाने तो २००२ मध्ये बंद केला. मात्र राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने हाच विचार देशपातळीवर स्वीकारला. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि अन्वेषण यांद्वारे शिकण्याचा उल्लेख आहे. महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर ज्ञानरचनावाद हा शब्द गावोगावच्या शाळांत पोहोचला. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळा पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक गेले.

अडचणी

प्रसाराबरोबर अनुकरणही वाढते. फरशीवर आकृत्या रंगवल्या, मुलांना गोलात बसवले, पण उत्तर फळ्यावरूनच उतरवून घेतले, तर बदलते ती केवळ बैठक. शोधाला वेळ लागतो. कायद्यानुसार ६० पर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेत दोन शिक्षक असतात. तेथे एकाच शिक्षकाला दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात. शिवाय वाचन, लेखन आणि पाढे यांसाठी सरावाची गरज उरतेच. शिक्षकाच्या मार्गदर्शनाविना केवळ ‘स्वतः शोधा’ असे सांगितल्यास घरी पुस्तके नसलेली मुले मागे पडण्याचा धोका असतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पाठ्यक्रमाचा भार कमी करून जिज्ञासाधारित शिक्षणाला वाव देण्याची शिफारस आहे. तिचे यश परीक्षेच्या स्वरूपावरही अवलंबून राहील. प्रश्नपत्रिका पाठ केलेले उत्तरच मागत राहिली, तर वर्गातील मुलांच्या प्रश्नांना वेळ मिळणे कठीण आहे.