स्क्रूच्या सैल भोकाची कुळकथा

बोटीवरच्या केबिनच्या दाराची बिजागरी हलायला लागली की माणूस आधी स्क्रू आवळून बघतो. स्क्रू जागच्या जागी गरगर फिरतो. मग जरा जाड स्क्रू आणून घातला जातो. काही दिवसांनी तोही फिरतो, आणि त्याहून जाड स्क्रू बिजागरीच्या भोकातून जातच नाही. इथे स्क्रूला दोष देऊन उपयोग नाही. आट्यांना धरून ठेवणारं लाकूडच संपलेलं असतं.

स्क्रू बोटीवर आला तो फार उशिरा. अरबी समुद्रातली जुनी गलबतं काथ्याच्या दोरीनं शिवलेली असत. शिवण ढिली पडली की पुन्हा ओवायची, एवढीच दुरुस्ती. युरोपातल्या मोठ्या जहाजांच्या फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडत. खुंटी आरपार ठोकायची, तिचं टोक पटाशीनं चिरायचं आणि चिरेत पाचर मारायची. खुंटी पसरून भोकात घट्ट बसे, पाण्यानं फुगली की आणखी घट्ट. सैल भोक लाकडानंच भरायचं, ही आजच्या दुरुस्तीची रीत मला या पाचरीचीच लेक वाटते.

लाकडात बसवायचे स्क्रू पूर्वी एकेक करून कानशीनं घासत. १७६० साली इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरच्या जॉब आणि विल्यम वायट या भावांनी स्क्रू कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. तरी स्क्रूचं टोक बोथटच होतं, त्यामुळे आधी गिरमिटानं पुरतं भोक पाडावं लागे. १८४६ मध्ये अमेरिकेत टॉमस स्लोननं टोकदार स्क्रूचं पेटंट मिळवलं. १८५४ मध्ये नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांनी त्याचे ब्रिटनमधले हक्क घेऊन बर्मिंगहॅमजवळ स्मेदिकला कारखाना घातला. स्क्रू स्वस्त झाला, बोटीच्या कड्याकोयंड्यांत सगळीकडे शिरला आणि त्याच्यामागून सैल भोकंही आली.

घरातल्या कपाटापेक्षा बोटीवर ती लवकर सैल होतात, कारण खारं पाणी. लोखंडाचा गंज फुगतो आणि भोवतीचं ओकचं लाकूड काळं, मऊ पडतं. पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे गुलाबी, ठिसूळ तांबं उरतं. असा स्क्रू काढायला जावं तर नुसतं डोकं हातात येतं. दोन वेगळे धातू ओल्या लाकडात जवळजवळ असले तर त्यांच्यात वीज वाहते, त्यातल्या एकाभोवती अल्कली साठते आणि तिथलं लाकूड धागे सुटून केसाळ होतं. हे सगळं मेलेलं लाकूड कोरून काढल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये.

कोरल्यावर भोक मोठं आणि गोल करून त्यात त्याच जातीच्या लाकडाचा डट्टा बसवतात. यात एक बारकावा आहे. दुकानात मिळणाऱ्या गोल काठीचे तंतू लांबीच्या दिशेनं धावतात. तिचा तुकडा ठोकला तर स्क्रू तंतूंच्या मधून सरळ आत शिरतो आणि ताण आला की तसाच सुटून येतो. म्हणून डट्टा फळीच्या अंगातून आडवा कापून काढायचा, म्हणजे आटे तंतूंना छेदून बसतात. डट्ट्याचे तंतू फळीच्या तंतूंना जुळवून तो चिकटवायचा. वर आलेला भाग तासताना पहिला घाव उंचावर घालून लाकूड कुठल्या बाजूला चिरतं ते बघायचं. नाहीतर डट्टा फळीच्या पातळीखाली तुटतो आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं.

मिशिगनमधल्या बे सिटीच्या गूजन बंधूंनी १९७०च्या सुमारास बोटबांधणीसाठी इपॉक्सी राळ विकायला सुरुवात केली आणि या कुळात नवी शाखा निघाली. भोक मोठं पाडायचं, भिंतींना पातळ इपॉक्सी मुरू द्यायचं, मग दाट केलेलं इपॉक्सी भरून त्यातच स्क्रू बसवायचा. ताण जास्त लाकडावर वाटला जातो आणि पाणीही आत शिरत नाही. पुढे स्क्रू काढायचा असेल तर त्याला आधी मेण चोळावं. ते राहून गेलं असेल तर तापलेलं सोल्डरिंग आयर्न डोक्यावर धरलं की इपॉक्सी मऊ होऊन स्क्रू सुटतो.

कोकणात बोटी जपणाऱ्यांना एक विनंती. जाड स्क्रू ठेवून द्या, काडेपेटीतल्या काड्या भोकात कोंबू नका, आधी डट्टा बसवा. आणि लाकूड सागवानी असेल तर ते तेलकट असतं, तेव्हा इपॉक्सी लावण्याआधी भोक ॲसिटोननं नीट पुसून घ्या.