जमीन साफ करणारे हात आमचे, यंत्र कुणाचे?

आज बाभळी उपटायला, शेत सपाट करायला गावात जेसीबी तासाच्या भाड्याने येतो. अनेकदा चालवणारा आपला पोरगा असतो, मालक दुसराच.

हे नवे नाही. वतनाच्या नावाखाली आमच्या पूर्वजांनी गावाची वेठ उपसली. ती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ चा! पुढे १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह उभारले. आमच्या आयाबायांनी गायरानातले दगडगोटे हातांनी वेचून पीक घेतले. त्याच गायरानावर आता 'अतिक्रमण' म्हणून जेसीबी फिरतो.

म्हणून यंत्राची मालकी हा आम्ही केवळ धंद्याचा प्रश्न मानत नाही. २०१६ च्या स्टँड-अप इंडिया योजनेत १० लाख ते १ कोटींचे कर्ज होते. पण सुरुवातीला २५ टक्क्यांपर्यंतचे मार्जिन मनी भूमिहीनाने आणायचे कुठून? चार-पाच जणांनी एकत्र यावे. हप्ता, डिझेल, दुरुस्ती आणि पावसाळ्यातले रिकामे महिने यांचा हिशोब आधी मांडावा, मगच मशीन घ्यावे.

पण लक्षात ठेवा, नुसते मशीन पुरत नाही. नाहीतर आपलेच मशीन उद्या आपल्याच झोपडीवर चालेल. यंत्र हवे, सातबाराही हवा!

जय भीम.