106.7 मेगाहर्ट्झ : लहर कोणाची?

न्यूयॉर्कमध्ये रेडिओचा काटा 106.7 वर नेला की ‘लाइट एफएम’ लागते. संकेतनाम डब्ल्यूएलटीडब्ल्यू, प्रकार ‘अ‍ॅडल्ट कंटेम्पररी’. म्हणजे साधारण पंचविशी ते पन्नाशीच्या श्रोत्यांसाठी ओळखीची, सौम्य गाणी. दुकानात, कचेरीत दिवसभर चालू राहिली तरी कोणाला खटकू नयेत अशी. 23 जानेवारी 1984 ला सुरू झालेले हे केंद्र वर्षानुवर्षे त्या शहराच्या सर्वांत लोकप्रिय केंद्रांत गणले गेले. पण त्याचा इतिहास 1984 पासून मोजला, तर अर्धी गोष्ट सुटते.

ही लहर मुळात एका चर्चची. मॅनहॅटनमधील रिव्हरसाइड चर्चने 1 जानेवारी 1961 रोजी तिच्यावर डब्ल्यूआरव्हीआर हे बिगरव्यापारी केंद्र सुरू केले. प्रवचनांबरोबर संगीत, नाटक आणि सामाजिक प्रश्नांवरील चर्चा तेथून होत. 1963 मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅमला वंशभेदाविरुद्ध आंदोलन पेटले, तेव्हा तिथे केलेल्या ध्वनिमुद्रणांतून या केंद्राने कार्यक्रम सादर केले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्धचे आपले गाजलेले भाषण 4 एप्रिल 1967 रोजी दिले, ते याच चर्चमध्ये.

पण रेडिओ चालवायला पैसा लागतो. सत्तरच्या दशकात केंद्राला जाहिरातींकडे वळावे लागले. जॅझ हीच त्याची ओळख झाली. 1976 मध्ये चर्चने ते सोंडरलिंग कंपनीला विकले. पुढे सोंडरलिंगच व्हायाकॉमकडे गेली. 8 सप्टेंबर 1980 रोजी जॅझ थांबले आणि त्याच लहरीवर ‘कंट्री’ संगीत सुरू झाले.

जॅझच्या श्रोत्यांनी आधीच संघटना बांधली होती. परवान्याच्या कामी दिशाभूल झाल्याचा आरोप घेऊन ती संचार आयोगाकडे आणि नंतर न्यायालयात गेली. इथे प्रश्न एका संगीतप्रकारापुरता उरत नाही. लहर सार्वजनिक मालकीची, परवाना तेवढा खाजगी. मग त्या लहरीवर काय वाजावे, यात ऐकणाऱ्याला काही हक्क आहे की नाही?

हाच प्रश्न न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या एका केंद्राने उभा केला होता. डब्ल्यूएनसीएन हे शास्त्रीय संगीताचे केंद्र 1974 मध्ये अचानक रॉककडे वळले. श्रोते भांडले आणि 1975 मध्ये शास्त्रीय संगीत परत आले. परंतु संगीतप्रकार बदलाची छाननी आयोगाने करावी का, हा मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. 1981 मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला : निवड बाजारावर सोपवण्याचे आयोगाचे धोरण कायद्यात बसते. मतभेद नोंदवणाऱ्या दोघांत थर्गुड मार्शल होते.

कंट्रीही टिकले नाही. 1984 मध्ये लाइट एफएम आले. जॅझप्रेमींचा दावा मात्र चालूच होता. 1985 मध्ये न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांच्या निकालपत्राने अपील न्यायालयाने तो फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवला. श्रोत्यांचे म्हणणे कोणीतरी ऐकले. पण तोवर लहरीवर दुसरीच गाणी रुळली होती.

लाइट एफएमला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. दिवसभर काम करणाऱ्या माणसाला सोबत हवी असते, आणि ती या केंद्राने दिली. मात्र बाजार बहुसंख्यांचा कान ओळखतो. संख्येने थोड्या पण जिवाभावाच्या श्रोत्यांचा हिशेब त्याला जमत नाही. डब्ल्यूएनसीएनही अखेर 1993 मध्ये रॉककडे गेलेच. आज त्या दोन्ही लहरी आयहार्टमीडिया या एकाच कंपनीकडे आहेत.

चर्चच्या काळातील ध्वनिफिती आता डिजिटल रूपात जतन झाल्या आहेत. म्हणजे तो आवाज अभ्यासकाला सापडतो. सहज काटा फिरवणाऱ्याला नाही. आपणही विविध भारतीला फर्माइशीची पत्रे पाठवणारे श्रोते. गाणे मागण्याचा हक्क आपल्याला होता. केंद्र मागण्याचा हक्क कोणाला असतो, हे 106.7 चा इतिहास विचारतो.