चिंधी, कवडी आणि गोंडा : बंजारा स्त्रियांच्या शिवणकामाचा एक ऐतिहासिक विचार

वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान होय. या समाजाच्या बैलतांड्यांनी मोगल काळात फौजांना धान्य पुरविले, हे इतिहासग्रंथांत वारंवार येते. तांड्यातील स्त्रियांच्या सुईदोऱ्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. वस्तुतः घागरा व कांचळी शिवून उरलेल्या चिंध्या टाकून दिल्या जात नसत. त्या एकमेकींवर टाचून, आरसे, कवड्या व लोकरी गोंडे जोडून पिशव्या, चुंबळी आणि बैलांच्या झुली सजविल्या जात. यांतील कवडी विशेष बोलकी आहे. एकेकाळचे हे चलन एकोणिसाव्या शतकात बाजारातून बाद झाले (‘कवडीमोल’ हा शब्द तेवढा मागे राहिला), तरी वस्त्रावर ते टिकले. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोहोचली आणि बैलांवरील मालवाहतूक मोडकळीस आली. झुलीचे प्रयोजन संपले. टाका स्त्रियांच्या पेहरावावर उरला.

कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी भरतकामास २०१० मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. पोहरादेवी येथे २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तथापि, कोणता तुकडा कोणत्या वस्त्रातून उरला आणि तो कोणी टाचला, हे वृद्ध स्त्रियाच सांगू शकतात. ती नोंद त्यांच्या हयातीतच घ्यावी लागेल.