उस्मानिया विद्यापीठांतील दोन विद्या

शाळामास्तराला एक खोड असते. शब्दाच्या मुळाशीं गेल्याखेरीज त्याला चैन पडत नाहीं. माझे वडील निजामी राजवटींत औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, उर्दूंतून शिकले. त्यांच्या जुन्या पुस्तकांच्या पेटींत दोन नांवें माझ्या दृष्टीस पडत: ‘मआशियात’ आणि ‘इमरानियात’. पहिलें अर्थशास्त्राचें, दुसरें समाजशास्त्राचें. लहानपणीं मला त्यांचें हसूं येई. पुढें कळलें कीं, दुसऱ्या शब्दामागें सहाशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे. तोच आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

ट्यूनिस येथें १३३२ सालीं जन्मलेल्या इब्न खल्दून या पंडितानें १३७७ सालीं आपला ‘मुकद्दिमा’ सिद्ध केला. मनुष्यें एकत्र कां राहतात, राज्यें कशीं चढतात आणि कां ढासळतात, याचा विचार त्यानें ‘उमरान’ या नांवाखालीं केला. जुन्या बखरींतील कथा खऱ्या मानण्यापूर्वीं समाजाच्या चालीवर त्या घासून पाहाव्या, असा त्याचा आग्रह होता. हाच गृहस्थ धर्मशास्त्राचा जाणता होता. कैरोच्या अल्-अझहरमध्यें त्यानें शिकविलें आणि १३८४ सालीं तो तेथें मालिकी पंथाचा मुख्य काजी झाला. धर्मनिर्णय आणि समाजचिंतन हीं दोन्हीं कामें एकाच डोक्यांत सुखानें नांदत होतीं.

आपल्या देशांत ही संगत एकोणिसाव्या शतकांत सुटली. सत्तावन्नच्या उठावानंतर १८६६ सालीं देवबंदचा मदरसा निघाला आणि १८७५ सालीं अलीगढची शाळा. दोनच वर्षांनीं तिचें कॉलेज झालें. एकीकडे हदीस आणि फिक्ह, दुसरीकडे इंग्रजी विद्या. एका घरच्या दोन भावांपैकीं एक मौलवी व्हावा, दुसरा वकील व्हावा, आणि दोघांना एकमेकांचें बोलणें समजूं नये, तशांतला हा प्रकार झाला. पुण्याच्या विश्रामबागवाड्यांतील १८२१ ची संस्कृत पाठशाळा आणि इंग्रजी शाळा १८५१ सालीं एकत्र करण्यांत आल्या, तेव्हां शास्त्री आणि प्रोफेसर यांची गांठ घालण्याचा प्रश्न आपल्याकडेहि होताच.

हैदराबादेस या प्रश्नाला एक धाडसी उत्तर देण्यांत आलें. अकबर हैदरी यांनीं योजना मांडली, मीर उस्मान अली खान यांनीं १९१७ सालीं तिला मंजुरी दिली, आणि १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. शिक्षणाचें माध्यम उर्दू; इंग्रजी मात्र भाषा म्हणून आवश्यक. कला आणि विज्ञान यांच्या जोडीला धर्मशास्त्राची शाखाहि त्याच विद्यापीठांत ठेवण्यांत आली. परंतु एका छपराखालीं बसल्यानें दोन विद्यांची ओळख होत नाहीं. त्यांना एक बोली लागते. ती घडविण्यासाठीं १९१७ सालींच भाषांतरविभाग उघडण्यांत आला व मौलवी अब्दुल हक यांच्या हातीं देण्यांत आला. तेथें अरबीचे जाणकार आणि नव्या शास्त्रांचे जाणकार एकत्र बसून एकेक संज्ञा ठरवीत. वहीदुद्दीन सलीम यांनीं तर संज्ञा कशा घडवाव्या, यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. ‘उमरान’पासून निघालेल्या ‘इमरानियात’ या शब्दांत जुना काजी आणि नवा समाजशास्त्रज्ञ यांचे हात एकमेकांत गुंफलेले दिसतात.

याचें फळ दोन माणसांत पाहावें. मनाझिर अहसन गिलानी हे देवबंदचे विद्यार्थी आणि उस्मानियांत धर्मशास्त्राचे प्रमुख. जुन्या मदरशांच्या पाठ्यक्रमांत तर्क, तत्त्वज्ञान, गणित हे विषय धर्मग्रंथांच्या बरोबरीनें शिकविले जात, तेव्हां दोन वेगळ्या शिक्षणपद्धती चालविणें हीच नवी चूक होय, असें त्यांनीं साधार प्रतिपादिलें. इस्लामी अर्थव्यवहारावरहि त्यांनीं ग्रंथ लिहिला. दुसरे मुहम्मद हमीदुल्ला. ते उस्मानियाचे विद्यार्थी. पुढें बॉन व पॅरिस येथें त्यांनीं डॉक्टरेट मिळविली. युद्ध, तह आणि वकिलात यांविषयींचे जुन्या फकीहांचे नियम त्यांनीं आंतरराष्ट्रीय कायद्याच्या शेजारीं ठेवून तपासले.

आतां उणीवहि सांगितली पाहिजे. धर्मशास्त्री ‘काय असावें’ येथून आरंभ करतो, समाजशास्त्रज्ञ ‘काय आहे’ येथून. याच संस्थानांत १९२९-३० सालीं केशव अय्यंगार यांनीं खेड्यांची आर्थिक पाहणी केली होती. व्याज निषिद्ध कां, हें सांगणारा ग्रंथ आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज किती, हें मोजणारी पाहणी, हीं एकाच वर्गांत समोरासमोर ठेवावीं. दोघांनींहि एकमेकांस अडचणीचे प्रश्न विचारावे. पूल बांधणें म्हणजे हेंच. संज्ञा जुळल्या म्हणजे पद्धती जुळल्या, असें होत नाहीं.

दुसरी उणीव अधिक बोचरी. ज्या उर्दूनें मौलवी आणि प्रोफेसर जोडले, ती संस्थानांतील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा नव्हती. तेलुगु, मराठी आणि कानडी मुलांच्या वाटेंत तीच भिंत झाली. १९३८ सालीं वंदे मातरम् म्हटल्यावरून विद्यार्थी काढून टाकण्यांत आले, तेव्हां त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठानें आसरा दिला. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें आणि पुढें उर्दू माध्यमहि गेलें.

प्रश्न मात्र संपला नाहीं. १९६१ सालच्या कायद्यानें अल्-अझहरमध्यें वैद्यक व अभियांत्रिकी यांना प्रवेश मिळाला. १९८३ सालीं मलेशियांत आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठ निघालें व तेथें समाजशास्त्रें आणि धर्मविद्या एकत्र शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. अशा प्रत्येक प्रयोगास हैदराबादचे दोन धडे उपयोगी पडावे: दोन्ही विद्यांना परस्परांची परीक्षा घेऊं द्यावी, आणि वर्गांत बसलेल्या मुलाची भाषा कोणती, हें आधीं विचारावें.

माझे वडील उर्दूंत शिकले. घरचा हिशेब मात्र त्यांनीं जन्मभर मराठींतच लिहिला. त्यांची ती पेटी अजून माझ्यापाशीं आहे. आतां मला त्या शब्दांचें हसूं येत नाहीं.