नळदुर्गचा चुना आणि १८०८ सालचं कॅल्शियम

स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये एक ओळ हमखास असते: कॅल्शियमचा शोध, हम्फ्री डेव्ही, १८०८. पाठ केली की मार्क मिळतात. पण तुम्हाला संशोधनात उतरायचं असेल, तर आधी विचारा: ‘शोध’ म्हणजे नेमकं काय झालं?

डेव्हीने लंडनमध्ये चुना आणि पाऱ्याचा ऑक्साइड यांच्या मिश्रणातून वीज सोडली. मिळालेल्या मिश्रधातूतला पारा उडवून धातू वेगळा काढला. नाव दिलं लॅटिन ‘कॅल्क्स’वरून, म्हणजे चुन्यावरूनच.

आता आपल्या धाराशिव जिल्ह्यात या. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दगडी बंधारा आहे, त्याच्या पोटात पाणीमहाल. बांधकाम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं (१५८०–१६२७). म्हणजे डेव्हीच्या जवळपास दोनशे वर्षं आधी. दगड बसवलेत चुन्यात.

चुन्याचा हिशोब बघा. १०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजलं, की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, वाळू घालून घाणीत मळायचा. भिंतीत गेल्यावर तो हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि दगडासारखा घट्ट होतो. भाजताना वायू जातो, हे जोसेफ ब्लॅकने वजनं करून मांडलं ते १७५६ मध्ये. गवंडी त्याआधीपासून त्याच क्रियेवर इमारती उभ्या करत होते.

कच्चा मालही दूरचा नाही. आपल्या काळ्या पाषाणात कॅल्शियम असतं. झिजताना ते पाण्यात उतरतं, आणि कमी पावसाच्या मुलखात वाहून न जाता मातीतच साचतं. रानात दिसणारे चुनखडीचे पांढरे खडे ते हेच.

यात तुमच्या कामाचं काय? चुना घट्ट होताना त्या काळच्या हवेतला कार्बन पकडतो, म्हणून त्याचं रेडिओकार्बन वय काढता येतं. पण नमुन्यात अर्धवट भाजलेला खडा राहिला, तर त्यातला जुना कार्बन इमारतीचं वय वाढवून दाखवतो. तेव्हा यंत्राआधी नमुना तपासा.

आणि घाई करा. दुरुस्तीत सांधे खरवडून सिमेंटचा दर्जा भरला, की तो पुरावा गेला. कागद जळाला तर निदान नक्कल सापडू शकते. खरवडलेल्या चुन्याची नक्कल कुठेच नसते.