प्रेमचित्रकथांतील ‘मी’

प्रेमकथा वाचणाऱ्यांविषयी बोलताना जाणती मंडळी किंचित ओठ मुरडतात. आणि ती प्रेमकथा चित्रांतून सांगितलेली, दहा सेंटांना विकली जाणारी असेल, तर मग बोलावयासच नको. तरीही अमेरिकेतील प्रेमचित्रकथांचा तीस वर्षांचा इतिहास एकदा सावकाश पाहावा, असे त्या वाचल्यावर मला वाटू लागले. त्यांतील ठराविक साच्यांची थट्टा करणे सोपे आहे. ते साचे केव्हा आणि कोणाच्या हाताने घट्ट झाले, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

या प्रकाराचा आरंभ १९४७ साली ‘यंग रोमान्स’ या मासिकाने झाला. त्याचे कर्ते जो सायमन आणि जॅक कर्बी हे दोघे पूर्वी ‘कॅप्टन अमेरिका’ या झुंजार नायकाचे जनक म्हणून प्रसिद्ध होते. महायुद्धातून परतल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, किशोरींसाठी विनोदी चित्रकथा पुष्कळ आहेत, पण त्यांच्याहून थोड्या मोठ्या मुलींच्या मनातील गोष्ट गांभीर्याने सांगणारी एकही नाही. आगाऊ मानधन न घेता नफ्यातील निम्म्या वाट्यावर त्यांनी काम पत्करले. पहिल्या अंकाच्या ९२ टक्के प्रती खपल्या. मग काय, सगळेच प्रकाशक या वाटेने धावले आणि १९५० च्या सुमारास अशा मासिकांची संख्या शंभराच्या वर गेली! इतक्या गर्दीत बहुतेकांचे दिवाळे वाजावे, हे ओघानेच आले.

या कथांचा प्राण म्हणजे त्यांतील ‘मी’. १९१९ पासून निघणाऱ्या ‘ट्रू स्टोरी’ मासिकाने कबुलीजबाबाची जी धाटणी लोकप्रिय केली होती, तीच येथे चित्रांत उतरली. नायिका स्वतःच सांगते: मी चुकले, मी भुलले, मला लाज वाटली. आपल्याकडे १९६४ पासून इंद्रजाल मालेतून घरोघर पोचलेला वेताळ अनेक श्रोत्यांना आठवत असेल. त्याची डायना शूर खरी. पण कथा सांगण्याचा मान तिच्याकडे क्वचितच येई. प्रेमचित्रकथेत मात्र मुलगी केवळ सोडवून आणावयाची वस्तू राहिली नाही, ती निवेदक झाली. हा ‘मी’ लिहिणारे आणि रेखाटणारे बहुतेक पुरुषच होते, ही गोष्ट वेगळी. आणि दुर्लक्षिण्याजोगी नव्हे.

साचे तर पहिल्यापासून होतेच. श्रीमंत, चकचकीत मोटारवाला तरुण आणि शेजारचा साधा, प्रामाणिक मुलगा. जिवलग म्हणवणारी आणि प्रियकर पळवणारी मैत्रीण. दारातून अर्धवट ऐकलेले वाक्य आणि त्यातून झालेला गैरसमज. गालावर थबकलेला एक टपोरा अश्रू. शेवटच्या चौकटीत मिठी. मात्र आरंभीच्या वर्षांत या साच्यांत खरे जगणे पुष्कळ मावत असे. गरिबीची लाज, नोकरीचा जाच, आईबापांचा हेका, वर्गावर्गांतील अंतर यांना तेथे जागा होती. सेंट जॉन या प्रकाशनसंस्थेसाठी डेना डच यांनी लिहिलेल्या कथा मला या दृष्टीने सर्वांत सरस वाटतात. त्यांतील मुली घरच्यांना फसवतात, नको त्याच्याबरोबर फिरावयास जातात, पस्तावतात. पण त्या पस्ताव्याने मोडून पडत नाहीत, पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवतात. या संस्थेच्या अशा कथांचे प्रमुख चित्रकार मॅट बेकर हे कृष्णवर्णीय होते. त्यांच्या कुंचल्याने गोऱ्या मुलींची स्वप्ने रंगवली. त्यांच्या समाजातील मुलींना त्या पानांवर जवळजवळ थाराच नव्हता.

१९५४ साली वारे फिरले. चित्रकथांमुळे मुले बिघडतात, असे प्रतिपादणारे मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्दॅम यांचे पुस्तक त्याच वर्षी आले, सिनेटच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या, आणि सरकारी बडग्याच्या धास्तीने प्रकाशकांनी स्वतःच एक नियमावली बांधून घेतली. रोष मुख्यतः गुन्हेगारीच्या आणि भयकथांच्या चित्रांवर होता. परंतु प्रेमकथाही त्याच जाळ्यात सापडल्या. घराचे महत्त्व आणि विवाहाचे पावित्र्य ठसले पाहिजे, घटस्फोट इष्ट म्हणून दाखवता कामा नये, आईबापांविषयी आदर वाढला पाहिजे, असे नियम झाले. मुखपृष्ठावर मंजुरीचा शिक्का नसलेला अंक बहुतेक वितरक घेईनासे झाले. नियम करणे आणि ते राबवणे यातच माझी वीस वर्षे गेली असल्याने, एका अनिष्टावर उगारलेला हात भलत्याच्याच पाठीवर पडतो, हे मला नवे नाही. येथे तो नायिकेच्या चुकण्याच्या अधिकारावर पडला. ज्या मुलींना जपावयाचे म्हणून हे चालले होते, त्यांच्यासारखीच एखादी मुलगी चुकून सावरते, ही त्यांच्या खऱ्या उपयोगाची कथा. नेमकी तीच दुर्मिळ झाली. राहिला तो गैरसमज आणि तो अश्रू. कारण त्यांना कोणत्याच नियमाची हरकत नव्हती.

या कोरड्या काळातील एक चौकट मात्र अजरामर झाली. ‘सीक्रेट हार्ट्स’ या मासिकाच्या १९६२ सालच्या एका अंकात टोनी अब्रुझो यांनी बुडणारी एक तरुणी रेखाटली होती. मानिनी अशी की प्रियकराला हाक मारण्यापेक्षा ती बुडणे पत्करते. पुढच्याच वर्षी रॉय लिक्टेन्स्टाइन या चित्रकाराने ती मोठ्या कॅन्व्हासवर उतरवली आणि आज ते चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात आहे. साच्याची थट्टा म्हणून लोक त्याकडे पाहतात. अब्रुझो यांचे नाव तेथे येणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

पुढे दूरचित्रवाणी आली, मुली नोकरीशिक्षणासाठी मोठ्या संख्येने बाहेर पडल्या, आणि विवाहाच्या उंबरठ्यावर थांबणारी कथा त्यांच्या मागे पडली. ‘यंग रोमान्स’ १९७५ मध्ये बंद पडले आणि त्याचे धाकटे भावंड ‘यंग लव्ह’ १९७७ मध्ये. लिक्टेन्स्टाइन यांच्या चित्रात नसलेली एक गोष्ट अब्रुझो यांच्या मूळ चौकटीत दिसते: त्या तरुणीच्या मागे, उलटलेल्या होडीला धरून, तिचा प्रियकर तरंगत असतो.